काचेच्या नळीतली जखम

बुलोन हे फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचे बंदर. १९१४ च्या उन्हाळ्यापर्यंत तिथला कसिनो ही इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्या हौशी इंग्रजांची जुगार खेळण्याची जागा होती. मग पहिले महायुद्ध पेटले. हिवाळा येईतो त्याच दालनांत खाटा मांडल्या गेल्या आणि बेल्जियमकडच्या फ्लँडर्सच्या आघाडीवरून भरभरून येणाऱ्या गाड्या तिथे जखमी सैनिक उतरवू लागल्या. इमारतीच्या वरच्या मजल्यावर, जिथे पूर्वी तलवारबाजीचा सराव चाले तिथे, लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलचे सर ऑल्मरॉथ राइट यांनी प्रयोगशाळा थाटली. नळ नाही, गॅस नाही. पाणी पेट्रोलच्या डब्यांतून वर चढवायचे आणि जीवाणू वाढवण्याच्या पेट्या रॉकेलच्या स्टोव्हवर उबदार ठेवायच्या. राइट यांच्या हाताखाली तिशी ओलांडलेला, मोजकेच बोलणारा एक स्कॉटिश लेफ्टनंट होता. तापलेली काच ओढून तिला हवा तो आकार देण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. त्याचे नाव अलेक्झांडर फ्लेमिंग.

राइट हे नाव आपल्या इतिहासातही एकदा येऊन गेले आहे. १८९८ मध्ये नेमलेल्या इंडियन प्लेग कमिशनचे ते एक सदस्य होते. हिंदुस्थानात आलोच आहोत तर आपली विषमज्वराची लस इथल्या गोऱ्या सैनिकांना टोचून पाहू, हाही उद्योग त्यांनी केला. माणूस विद्वान आणि तितकाच भांडकुदळ. बर्नार्ड शॉने ‘द डॉक्टर्स डिलेमा’ या नाटकातला डॉक्टर त्यांच्यावरूनच बेतला होता. बुलोनमध्येही त्यांनी भांडण काढले. मात्र या भांडणाला फ्लेमिंगच्या एका प्रयोगाचा आधार होता, आणि आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या मलमांचा इतिहास सांगायचा तर मला तिथूनच सुरुवात करावीशी वाटते.

आघाडीवरचे शल्यविशारद हवालदिल झाले होते. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, कोरड्या माळरानावर, गोळीच्या जखमा बऱ्याचदा स्वच्छ भरून येत. फ्लँडर्सची जमीन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शेणखत आणि घोड्यांची लीद मुरलेली ओली शेती. तोफगोळ्याचा तुकडा शरीरात घुसताना तो चिखल आणि मळक्या गणवेशाच्या चिंध्या सोबत आत नेई. मग एक-दोन दिवसांत जखमेभोवतीचे मांस फुगे, बोटाने दाबले की आत वायूचे बुडबुडे कुरकुरत, आणि हात-पाय कापूनही माणूस हाती लागत नसे. याला गॅस गँगरीन म्हणतात. त्याचे जंतू हवेशिवाय वाढतात आणि मेलेल्या मांसात तर फारच जोमाने वाढतात.

यावर उपाय कोणता, याबद्दल शल्यविशारदांना शंका नव्हती. ते सगळे लिस्टरच्या शाळेत घडले होते. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत गाडीचे चाक पायावरून गेलेला जेम्स ग्रीनलीझ नावाचा अकरा वर्षांचा मुलगा आला. नडगीचे हाड मोडले होते आणि कातडीही फाटली होती. असा पाय त्या काळी बहुतेकदा कापला जाई. जोसेफ लिस्टरने कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेले कापड जखमेवर ठेवले. कार्लाइल गावात मैल्याची दुर्गंधी घालवायला हे रसायन वापरतात, एवढ्या धाग्यावरून तो तिथवर पोचला होता. सहा आठवड्यांत हाड जुळले आणि पाय वाचला. तेव्हापासून जखम म्हटली की जंतुनाशक ओतायचे हा धर्म झाला. बुलोनमध्येही जखमांत कार्बोलिक, आयोडीन, बोरिक ॲसिड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे जे हाताशी येई ते ओतले जात होते. तरी जखमा सडतच होत्या.

फ्लेमिंगने एक परीक्षानळी घेतली. ज्योतीवर तिचा तळ मऊ करून त्यातून पाच-सहा पोकळ काटे बाहेर ओढले. तोफगोळ्याने फाटलेल्या मांसात अशाच वाकड्यातिकड्या, आंधळ्या वाटा असतात. या नळीत त्याने जंतू मिसळलेला रक्तद्रव भरला, ती उबेत ठेवली, मग रिकामी केली आणि जंतुनाशकाने काठोकाठ भरून रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी जंतुनाशक ओतून टाकून ताजा, निर्जंतुक रक्तद्रव भरला. काही तासांत तो गढूळ झाला आणि त्याला घाण येऊ लागली. काट्यांच्या टोकांत दडलेल्या जंतूंपर्यंत औषध पोचलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच करून पाहिले, तरी निकाल तोच.

खरा घाव पुढच्या निरीक्षणात होता. ताज्या जखमेतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यातल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळताना दिसत. त्यात जंतुनाशक मिसळले की आधी या पेशी मरत. जंतूंना मारण्याइतकी त्याची ताकद होण्याआधीच शरीराचे पहारेकरी आडवे झालेले असत, आणि जे जंतू वाचत ते मोकाट वाढत. म्हणजे काही प्रमाणांत औषध घातलेल्या जखमेत बिनऔषधाच्या जखमेपेक्षा जास्त जंतू! १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आले. राइट म्हणाले, औषधे ओतणे थांबवा, मेलेले मांस आणि चिंध्या कापून काढा, जखम मिठाच्या तीव्र पाण्याने धुवा, म्हणजे शरीरातला द्रव बाहेर ओढला जाईल आणि पेशी आपले काम करतील.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे अध्यक्ष सर विल्यम वॉटसन चेन हे लिस्टरचे पट्टशिष्य. त्यांना हा गुरूचा अपमान वाटला आणि दोघांत जाहीर वाद पेटला. लिस्टरला दोष देण्याचे खरे तर कारण नव्हते. त्याच्यासमोर आलेली जखम काही तासांची होती, जंतू अजून वरवर होते. फ्लँडर्सच्या जखमा दिवस उलटून गेल्यावर येत होत्या. पण गुरूने कोणत्या परिस्थितीत काय केले हे विसरून नुसती कृती तेवढी पाठ करायची, ही खोड शिष्यांना सगळीकडेच असते. राइट यांचे मिठाच्या तीव्र पाण्याचे प्रेमही पुढे अतिरेकी ठरले, हेही इथे नोंदवायला हवे.

बुलोनहून काही तासांवर, काँपिएन्यच्या जंगलाकाठी, तिसरीच वाट चालू होती. नोबेल मिळवलेले फ्रेंच शल्यविशारद अलेक्सी कॅरेल आणि इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन यांनी दोनशेहून अधिक रसायने तपासून सोडियम हायपोक्लोराइटचे अर्ध्या टक्क्याच्या आसपासचे द्रावण निवडले. जखम आधी नीट कापून मोकळी करायची, तिच्या प्रत्येक कप्प्यात भोके पाडलेल्या रबरी नळ्या बसवायच्या आणि दर दोन तासांनी ताजे द्रावण सोडायचे. या पद्धतीने पुष्कळ हात-पाय वाचले. फ्लेमिंगच्या मते द्रावण काही मिनिटांतच निकामी होत होते आणि यशाचे श्रेय सतत धुण्याला आणि कापून साफ करण्याला होते. आज मागे वळून पाहता मला फ्लेमिंगची बाजू वजनदार वाटते, पण डेकिनचे द्रावणही अजून हद्दपार झालेले नाही. चिघळलेल्या शय्याव्रणांवर ते आजही पातळ करून वापरतात.

युद्ध संपल्यावर फ्लेमिंग परतला तो एक कसोटी घेऊन. जखमेवर लावायच्या औषधाने जंतू मरतात का, एवढे विचारून भागत नाही. पांढऱ्या पेशी जगतात का, हेही विचारावे लागते. १९२८ च्या सप्टेंबरात जंतू वाढवायच्या त्या प्रसिद्ध बशीवर बुरशी उगवली तेव्हा त्याने ही कसोटी लगेच लावली. १९२९ च्या त्याच्या निबंधात नोंद आहे की बुरशीचा रस पेशींना जंतू वाढवायच्या साध्या रश्शापेक्षा जास्त त्रास देत नाही. या रसातले पेनिसिलिन त्याच्या दृष्टीने होते ते हेच. बाहेरून लावायचे किंवा दूषित जागी टोचायचे, पेशींना न मारणारे जंतुनाशक. जानेवारी १९२९ मध्ये सहायक स्टुअर्ट क्रॅडॉकच्या पू झालेल्या सायनसमध्ये तो रस सोडून पाहिला. फारसे काही साधले नाही. १९३० मध्ये शेफील्डला सेसिल पेनने नवजात बाळाच्या चिकटलेल्या डोळ्यांवर हाच कच्चा रस वापरला आणि डोळे बरे झाले. म्हणजे पेनिसिलिनचा पहिला यशस्वी उपयोग बाहेरून लावूनच झाला. पुढे सुई आणि शिरेतून त्याने जो चमत्कार केला त्यात हे सुरुवातीचे पान हरवून गेले.

१९४३ मध्ये पेनिसिलिनचे औषध बनवणारे हॉवर्ड फ्लोरी आणि मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवर गेले तेव्हा पेनिसिलिन इतके दुर्मीळ होते की ते जखमेपुरतेच वापरणे भाग होते. सल्फा या जंतूविरोधी औषधाच्या भुकटीत मिसळून ते जखमेत शिंपडायचे, टाके घालून जखम लवकर बंद करायची, आणि आत ठेवलेल्या बारीक नळ्यांतून द्रावण सोडायचे. युद्धातली जखम उघडीच ठेवायची असे शिकलेल्या जुन्या सर्जन मंडळींच्या पोटात गोळा उठला असणार. तरी जखमा भरल्या.

अमेरिकी सैनिकाच्या कमरपेटीत मात्र दुसरीच पुडी होती. सल्फानिलामाइडची पाच ग्रॅम भुकटी, जखम झाली की फोडून शिंपडायची. युद्धाच्या चित्रपटांतून ती अजून दिसते. न्यूयॉर्कचे सर्जन फ्रँक मेलेनी यांच्यावर सरकारने काम सोपवले, की या भुकटीचा उपयोग किती ते मोजा. अनेक रुग्णालयांतल्या अपघाती जखमा त्यांनी मोजल्या. निष्कर्ष कोरडा होता: जखमेत टाकलेल्या सल्फाने जंतुसंसर्गाचे प्रमाण कमी झालेले नाही. उलट भुकटीचे खडे जखमेत परक्या वस्तूसारखे बसत. युद्ध संपण्याआधी लष्कराने ती बंद केली. सैनिकाला काहीतरी केल्याचे समाधान मिळे हे खरे, पण समाधानाची पुडी वेगळी आणि औषधाची वेगळी.

याच मेलेनींच्या प्रयोगशाळेत, कोलंबिया-प्रेस्बिटेरियनमध्ये, जून १९४३ मध्ये एक नमुना आला. ट्रेसी आडनावाची सात वर्षांची मुलगी, वाहनाचा धक्का, नडगीचे हाड मोडलेले, कातडी फाटलेली, जखमेत रस्त्याची माती. ग्लासगोच्या जेम्सचीच जखम, अठ्ठ्याहत्तर वर्षांनी आणि समुद्रापलीकडे. बाल्बिना जॉन्सन या जीवाणूतज्ज्ञ बाईंनी जखमेतला द्रव घनमाध्यमावर पसरला तेव्हा गळू करणारे स्टॅफिलोकॉकस दिसले. तोच द्रव रश्शात रात्रभर ठेवला तर ते नाहीसे! मातीतून आलेला एक निरुपद्रवी दंडाणू त्यांना मारत होता. एखाद्या घाईतल्या तंत्रज्ञाने ‘नमुना बिघडला’ म्हणून तो टाकून दिला असता. जॉन्सनबाईंनी दंडाणू वेगळा केला, त्याने सोडलेले द्रव्य वेगळे केले, आणि १९४५ मध्ये त्या मुलीच्या आडनावाचा अंश घेऊन ‘बॅसिट्रॅसिन’ हे नाव जाहीर झाले.

मेलेनींना ते सुईने द्यायचे होते, आणि तिथे घात झाला. रक्तात गेलेले बॅसिट्रॅसिन मूत्रपिंडे खराब करते. पण अखंड कातडीतून किंवा लहानशा जखमेतून ते रक्तात जवळपास शिरतच नाही. मग सुई बाजूला राहिली आणि मलम आले.

आज ट्यूबमधून मिळणाऱ्या प्रतिजैविकांची कुंडली पाहिली की हीच गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. १९३९ मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये रने द्युबो यांनी मातीतल्या जीवाणूपासून ग्रॅमिसिडिन काढले. ते तांबड्या पेशी फोडते, म्हणून फक्त बाहेरून. मॉस्कोत गाउझे आणि ब्राझ्निकोवा यांनी १९४२ मध्ये त्याचाच सोव्हिएत भाऊबंद शोधला आणि तो लाल सेनेच्या रुग्णालयांत जखमांवर गेला. १९४७ चे पॉलिमिक्सिन मूत्रपिंडांवर उठते. सेल्मन वॅक्समन आणि लेशव्हॅलिए यांनी १९४९ मध्ये मातीतून मिळवलेले निओमायसिन सुईने दिले तर कान जातात. आतल्या दरबारात प्रवेश नाकारलेले हे सगळे दरवाज्याबाहेर कामाला लागले. बॅसिट्रॅसिन, निओमायसिन, पॉलिमिक्सिन यांचे त्रिकूट एका ट्यूबमध्ये आले आणि अमेरिकेतल्या घराघरांत पोचले. पॅरिसमध्ये देकारी यांनी १९५३ मध्ये जाहीर केलेले फ्रामायसेटिन म्हणजे निओमायसिनचाच एक घटक. मराठी घरात फ्रीजच्या दारात नाहीतर कपाटाच्या वरच्या खणात जी सोफ्रामायसिनची पिळवटलेली ट्यूब असते, तिच्यात हेच. तिच्या आधी तिथे ‘लाल औषधा’ची बाटली असे, आणि फ्लेमिंगच्या कसोटीला ते उतरले असते असे मला वाटत नाही.

पुण्याशेजारच्या पिंपरीनेही या यादीत एक नाव घातले आहे. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तो पेनिसिलिनसाठी. पण तिथे मातीतले सूक्ष्मजंतूही धुंडाळले जात. एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांना त्यात एक नवा स्ट्रेप्टोमायसिस सापडला आणि त्याला गावावरून ‘पिंप्रिना’ हे जातिनाम मिळाले. १९६१ मध्ये त्यापासूनचे बुरशीविरोधी हमायसिन जाहीर झाले. त्याचाही मुख्य उपयोग झाला तो तोंडातल्या, कातडीवरच्या आणि योनीमार्गातल्या बुरशीवर बाहेरून लावण्यासाठी.

दरम्यान खुद्द पेनिसिलिन मलमातून हद्दपार झाले होते. बुलोनच्या वरच्या मजल्यावर फ्लेमिंगसोबत काम केलेले लेनर्ड कोलब्रुक १९४२ पासून ग्लासगोच्या त्याच रॉयल इन्फर्मरीत भाजलेल्या रुग्णांवर पेनिसिलिनचे क्रीम वापरून पाहत होते. स्ट्रेप्टोकॉकस हटले, पण पेनिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस वॉर्डात घर करू लागले. शिवाय कातडीवर चोळलेले पेनिसिलिन माणसाच्या शरीराला फार लवकर वैरी वाटू लागते. कातडी हे शरीराचे सर्वांत जागरूक ठाणे आहे. तिथे एकदा ओळख पटली की पुढे जीव वाचवायला तेच इंजेक्शन द्यायची वेळ आली तर शरीर उसळून उठते. पन्नासच्या दशकात त्वचारोगतज्ज्ञांनी पेनिसिलिनचे मलम सोडले. तोच आरोप पुढे मलमाच्या त्रिकुटावरही आला. कातडीला ऍलर्जी आणणाऱ्या पदार्थांतून अमेरिकी तज्ज्ञ दरवर्षी एकाला मानकरी ठरवतात. २००३ चा मानकरी बॅसिट्रॅसिन होता, २०१० चा निओमायसिन.

पहिल्यापासून मलम म्हणूनच बाजारात आलेले आणखी एक औषध आहे. सूडोमोनास फ्लुओरेसेन्सच्या शेजारी दुसरे जीवाणू वाढत नाहीत हे कार्ल गारे यांनी १८८७ मध्येच पाहिले होते. १९७१ मध्ये इंग्लंडच्या बीचम कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातले द्रव्य ओळखले. रक्तात शिरताच ते मोडून निकामी होते, म्हणून मलमच करावे लागले. तेच मुपिरोसिन, १९८५ पासून बाजारात. लहान मुलांच्या तोंडाभोवती मधासारख्या खपल्या धरणाऱ्या इम्पेटिगोवर ते खरोखर गुणकारी आहे, यात वाद नाही. दुसऱ्या कुठल्या औषधाशी त्याचे नातेही नाही, त्यामुळे जंतूंना त्याची आधीची ओळख नव्हती. १९८७ मध्ये लंडनहून त्याला पूर्णपणे दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसची बातमी आली. न्यूझीलंडने १९९१ मध्ये ते चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली. खरचटले, लाव, मुरूम आला, लाव. प्रतिकार वाढत गेला आणि २००० मध्ये सरकारने ते पुन्हा चिठ्ठीवर आणले. मग डॉक्टर फ्युसिडिक ॲसिडच्या मलमाकडे वळले, आणि थोड्याच वर्षांत तिथले स्टॅफिलोकॉकस त्यालाही सरावले.

आता राहिला तो प्रश्न विचारायला १९९६ उजाडले. साध्या, स्वच्छ, टाके घातलेल्या जखमेवर मलम लावल्याने जो गुण येतो तो त्यातल्या प्रतिजैविकाचा, की मलमाचा? इंग्लंडमध्ये जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच डुकरांच्या पाठीवरच्या उथळ जखमांत दाखवले होते की पातळ पापुद्र्याखाली ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने चढते. ‘जखम उघडी ठेव, वाळू दे’ हा आजीचा आणि बऱ्याच डॉक्टरांचा सल्ला तिथेच खोटा पडला होता. मलमही जखम ओलसरच ठेवते, मग गुण तेवढ्याचाच नसेल कशावरून? अमेरिकेच्या वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी किरकोळ शस्त्रक्रिया झालेल्यांचे दोन गट केले. एकाला बॅसिट्रॅसिनचे मलम, दुसऱ्याला नुसते पांढरे पेट्रोलॅटम, म्हणजे आपण ज्याला व्हॅसलीन म्हणतो ते. ट्यूबमध्ये काय आहे हे रुग्णाला माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. व्हॅसलीनच्या ४४० जणांत ९ जखमा दूषित झाल्या, बॅसिट्रॅसिनच्या ४४४ जणांत ४. हा फरक योगायोगापलीकडचा मानता येईल इतका नव्हता. बॅसिट्रॅसिनवाल्यांपैकी चौघांच्या कातडीवर ऍलर्जीचे पुरळ उठले. व्हॅसलीनवाल्यांत असा एकही नव्हता.